मोटारींतील गाणें आणि लिथियमची बॅटरी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांची मोटार घेऊन माझ्या दारीं आला. गाडी दारांत येण्यापूर्वींच तिचें आगमन आम्हांस कळलें होतें. कारण खिडकीच्या तावदानांस कंप सुटला होता व कपाटांतील कपबश्या एकमेकींस हलकेच टोले देऊं लागल्या होत्या. बरोबर त्याचे वडीलहि होते. ते हीच गाडी भाड्यानें चालवून संसार चालवितात, आणि तिचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. मुलाचें म्हणणें असें कीं, डिकींतील अँप्लिफायरला आतां गाडीची बॅटरी पुरत नाहीं. ढोलाचा ठोका पडतांच पुढचे दिवे मंद होतात. तेव्हां लिथियमची चांगली शंभर अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी, आणि कोणती घ्यावी हें सरांनीं सांगावें. वडिलांचें म्हणणें थोडक्यांत होतें. "मास्तर, ह्याच्या गाण्यापायीं गाडी बंद पडली तर हप्ता कोण भरील, एवढेंच ह्याला विचारा."

दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांचें उत्तर शोधतांना जें बोलणें झालें व जीं मापें घेतलीं, तींच जरा व्यवस्थित मांडून येथें देतों. आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलांस ह्या विषयाची गोडी आहे हें मला ठाऊक आहे. पदार्थविज्ञानाच्या तासास जे डोळे मिटूं पाहतात तेच डोळे वूफरचें नांव निघतांच टक्क उघडतात, हा माझा नित्याचा अनुभव आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. मोटारींतील बॅटरी वीज निर्माण करीत नाहीं. बाहेरून भरलेली वीज ती सांठवून ठेवते व लागेल तेव्हां परत देते. वीज निर्माण करतो तो इंजिनावर पट्ट्यानें फिरणारा आल्टर्नेटर. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे; येथें आल्टर्नेटर हा आड, आणि बॅटरी हा फार तर विहिरीशेजारचा हौद. हौद कितीहि मोठा बांधला तरी झरा वाढत नाहीं. त्या गाडीच्या आल्टर्नेटरवर ७५ अँपिअर असा आंकडा होता. पण हा आंकडा इंजिन वेगांत फिरत असतांनाचा. गाडी जागीं उभी राहून इंजिन मंद फिरूं लागलें म्हणजे तो सुमारें निम्म्यावर येतो, आणि रात्रीच्या वेळीं दिवे, पंखा, थंड हवेचें यंत्र व इंजिनाचीं स्वतःचीं उपकरणें मिळून तीसएक अँपिअर तर गाडीलाच लागतात. मग गाण्यासाठीं उरलें काय?

आतां मागणीची बाजू. अँप्लिफायरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत २००० वॅट असें छापलेलें होतें. असल्या आंकड्यांवर विश्वास ठेवूं नये. अँप्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज मात्र सहसा खोटें बोलत नाहींत. त्या यंत्रास ४० अँपिअरचे दोन फ्यूज होते, म्हणजे एकूण ८०. विद्युद्दाब १३.८ व्होल्ट धरला तर आंत जाणारी शक्ति ८० गुणिले १३.८, म्हणजे सुमारें ११०० वॅट. आणि हल्लींच्या 'डी' वर्गाच्या चांगल्या अँप्लिफायरची कार्यक्षमता शेंकडा ८० धरली, तर स्पीकरकडे जाणारी शक्ति ९०० वॅटच्या आंतच राहते. विद्यार्थ्याचा चेहरा थोडा उतरला. पण वडिलांस हा हिशेब फार आवडला. शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत त्यांना पाठ आहे, आणि पैसे मोजण्यापूर्वीं बसून हिशेब करण्यास त्यांची कधींच ना नसते.

मग आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंतून व्होल्टमीटर व प्रवाह मोजण्याचा चिमटा आणला. गाणें क्षणोक्षणीं बदलतें, त्यामुळें त्यावर मोजमाप नीट होत नाहीं. म्हणून दर सेकंदास ५० कंपनांचा एकच सूर दहा सेकंद पूर्ण आवाजांत वाजविला. इंजिन मंद चालत होतें. सूर सुरू होण्यापूर्वीं बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट होते. सूर सुरू होतांच अँप्लिफायरकडे ८० अँपिअर वाहूं लागले, बॅटरीवरचा दाब १२.२ वर आला, आणि अँप्लिफायरच्या टोकांवर तर १०.७ च उरला. विद्यार्थिमित्रहो, हे दोन आंकडे नीट पाहा. १४.१ वरून १२.२, ही घट आल्टर्नेटर अपुरा पडल्याची व बॅटरी दमल्याची आहे. पण १२.२ वरून १०.७, हा दीड व्होल्ट कोठें गेला? तो वाटेंतच हरवला. म्हणजे बोनेटखालून डिकीपर्यंत गेलेल्या पांच मीटर वायरींत, आणि रंग न खरवडतां गाडीच्या पत्र्यावर आवळलेल्या अर्थिंगच्या बोल्टाखालीं. ही वायर कापून पाहिली तेव्हां आंत तांबें नव्हतें. ॲल्युमिनियमच्या तारांवर तांब्याचा पातळ मुलामा होता. दीड व्होल्ट गुणिले ८० अँपिअर म्हणजे १२० वॅट. तीस वॅटचीं चार सोल्डरिंगचीं लोखंडें पायांखालच्या गालिच्यांत पेटवून ठेवावीं, तशांतला हा प्रकार. वायरला हात लावला तों ती चांगलीच ऊन लागली. जगांतील सर्वोत्तम लिथियमची बॅटरी ह्या वायरच्या पुढच्या टोकास जोडली असती, तरी हा दीड व्होल्ट परत मिळाला नसता.

तेव्हां पहिला निर्णय बॅटरीचा नव्हे, वायरचा झाला. शुद्ध तांब्याची ५० चौरस मिलिमीटर छेदाची पांच मीटर तार घेतली तर तिचा रोध सुमारें पावणेदोन सहस्रांश ओहम भरतो, आणि ८० अँपिअर वाहतांना तिच्यांत एक दशांश व्होल्टाहून किंचित् अधिक दाब खर्च होतो. पुढें बॅटरीची जागाच बदलल्यामुळें एवढ्या जाड तारेची गरज उरली नाहीं, तें येईलच.

आतां लिथियमकडे वळूं. बाजारांत 'लिथियम बॅटरी' ह्या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या स्वभावाचीं भावंडें विकलीं जातात, आणि बहुतेक फसवणूक ह्या नांवाच्या सारखेपणांतूनच होते. मोबाइल व लॅपटॉपमधील जात, किंवा जिच्यांत निकेल, मँगनीज व कोबाल्ट असतें ती जात, घ्या. तिच्या एका घटाचा दाब सुमारें ३.७ व्होल्ट असतो व पूर्ण भरल्यावर तो ४.२ होतो. तीन घट ओळीनें जोडले तर पूर्ण भरल्यावर १२.६ होतात, आल्टर्नेटर तर १४ च्या वर देतो, म्हणजे घट मर्यादेपलीकडे भरले जाऊन धोका उत्पन्न होतो. चार जोडले तर पूर्ण भरण्यास १६.८ लागतात, म्हणजे ते कायमचे अर्धपोटीं राहतात. मोटारीच्या दाबाशीं हिचें गणित जमत नाहीं. शिवाय फाजील तापली असतां ती लवकर भडकते. ही आपल्या कामाची नव्हे.

दुसरी जात लिथियम-लोह-फॉस्फेटची. अमेरिकेंत टेक्सस विद्यापीठांत जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९७ सालीं ह्या पदार्थाचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें २०१९ सालीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस लिथियम-आयन बॅटरीच्या कार्याबद्दल रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ त्या वेळीं ९७ वर्षांचे होते. हिच्या एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट, चार घटांचे १२.८, आणि पूर्ण भरण्यास १४.४ ते १४.६. साध्या आल्टर्नेटरचा दाब नेमका ह्याच सुमाराचा असतो. हा मेळ दैवयोगाचा खरा, पण फार उपयोगाचा आहे. फॉस्फेटमधील प्राणवायु घट्ट बांधलेला असल्यामुळें ही जात पहिलीपेक्षां पुष्कळच शांत असते. पेटतच नाहीं असें मात्र कोणी सांगितल्यास मानूं नये. आंतील द्रव ज्वालाग्राहीच आहे.

हिचा मोठा गुण असा कीं, शिशाच्या बॅटरीचा दाब भार पडतांच खालीं घसरतो, तसा हिचा फारसा घसरत नाहीं. नव्वद टक्के भरलेली असो वा चाळीस टक्के, विश्रांतींत ती १३.२-१३.३ व्होल्टच्या आसपासच दाखविते. ह्याच गुणाचा दोषहि होतो. व्होल्टमीटर पाहून आंत किती शिल्लक आहे हें कळत नाहीं. आणि शिल्लक संपतांच दाब एकदम कोसळतो, म्हणून गाणें मध्येंच तुटतें. वजन मात्र तेवढ्याच सांठ्याच्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास असतें.

तिसरी जात लिथियम-टायटॅनेटची. मोठ्या आवाजाच्या स्पर्धांत भाग घेणाऱ्यांची हिच्यावर फार भक्ति. घटाचा दाब सुमारें २.३ ते २.४ व्होल्ट, म्हणून मोटारीसाठीं सहा घट ओळीनें लागतात. पांच घटांची बॅटरी १२ व्होल्टची म्हणून विकतात, ती आल्टर्नेटरवर थेट जोडूं नये. ही जात प्रचंड प्रवाह देते व घेते, थंडींत कुरकुरत नाहीं, आणि हजारों वेळां भरली-उतरविली तरी टिकते. पण तेवढ्याच सांठ्यास ती जड, मोठी व महाग पडते. भाड्याच्या गाडीस ती घेणें म्हणजे गांवच्या वराताला हत्ती आणण्यासारखें होईल.

विद्यार्थ्याचा आग्रह शंभर अँपिअर-तासांचा होता. त्याला मीं विचारलें, "अरे, तुला सांठा किती हवा, आणि एका दमांत प्रवाह किती हवा?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. घागर मोठी असली म्हणून तिचें तोंडहि मोठें असतें असें नाहीं. सौरदिव्यासाठीं किंवा घरच्या इन्व्हर्टरसाठीं केलेली १०० अँपिअर-तासांची बॅटरी पुष्कळदां सतत १०० अँपिअर, कधीं कधीं त्याच्या निम्मेच, देऊं शकते. उलट जोरकस घटांची ३० अँपिअर-तासांची बॅटरी १०० अँपिअर सहज देते. गाण्यांत पूर्ण शक्ति सतत लागत नाहीं. ठोका पडतो तेवढ्यापुरती ती लागते. सरासरी मागणी फ्यूजच्या आंकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी धरावी असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे ८० ची सरासरी सुमारें २७ अँपिअर. इंजिन बंद ठेवून तासभर गाणें ऐकावयाचें, तर ३० अँपिअर-तासांचा सांठा जेमतेम पण पुरा होतो. शंभराचें काम नाहीं.

शंभराचें केवळ काम नाहीं असेंच नव्हे, तर त्यापासून अपाय होण्याचाहि संभव आहे. आणि वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. लिथियमच्या घटाचा अंतर्गत रोध फार थोडा. ती बॅटरी उतरलेली असतांना आल्टर्नेटरवर थेट जोडली, तर ती अधाशासारखी वीज ओढते. शिशाची बॅटरी भरत जाते तसा प्रवाह आपोआप कमी होत जातो. लिथियमची जवळजवळ शेवटपर्यंत तितक्याच जोरानें ओढीत राहते. आल्टर्नेटर हा पूर्ण भारावर तासन् तास चालण्यासाठीं केलेला नसतो, आणि इंजिन मंद फिरत असतां त्याचा थंड करणारा पंखाहि मंद फिरतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थाच्या गाडीचा आल्टर्नेटर ह्याच कारणानें घाटांत वाहतुकीच्या खोळंब्यांत जळाला. रात्र त्यांनीं मुलाबाळांसह गाडींतच काढली. त्या रात्री गाणें कोणीं ऐकलें नाहीं.

शेवटीं आम्हीं जी रचना ठरविली ती अशी. बोनेटखालची शिशाची बॅटरी जशीच्या तशी ठेवावी. गाडी सुरू करण्याचें काम तिचेंच. डिकींत अँप्लिफायरशेजारीं ३० अँपिअर-तासांची लोह-फॉस्फेटची बॅटरी बसवावी. दोहोंच्या मध्यें ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर ठेवावा. हें उपकरण पुढून येणारा दाब कमीअधिक झाला तरी मागच्या बॅटरीस योग्य तोच दाब देतें, तीस अँपिअरपेक्षां जास्त ओढूं देत नाहीं, आणि इंजिन थांबलें किंवा पुढच्या बॅटरीचा दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं आपण होऊन थांबतें. हल्लींच्या कित्येक गाड्यांत संगणक आल्टर्नेटरचा दाब इंधन वांचविण्यासाठीं खालींवर करीत असतो. अशा गाड्यांत तर ह्या उपकरणावांचून लिथियम जोडूंच नये. ठोक्याचा मोठा प्रवाह आतां मागच्या बॅटरीकडून अर्ध्या मीटरच्या जाड वायरींतून मिळणार, म्हणून पुढून मागें येणारी लांब वायर शुद्ध तांब्याची १६ चौरस मिलिमीटरची असली तरी भागतें. एकाच वेळीं पुढची व मागची बॅटरी नुसत्या वायरीनें कायमची जोडणें बरें नव्हे. विश्रांतींत एक १२.७ वर व दुसरी १३.३ वर राहूं पाहते. मग रात्रभर एकीचें दुसरीकडे वाहत राहतें.

बॅटरी विकत घेतांना आंतील रक्षक मंडलाची, म्हणजे बी.एम.एस.ची, चौकशी आधीं करावी. प्रत्येक घटाचा दाब सारखा राखणें, फाजील भरणें किंवा फाजील उतरणें थांबविणें, आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं मार्ग तोडणें हीं त्याचीं कामें. आम्हांस ८० अँपिअर हवे होते, म्हणून सतत १२० अँपिअर सोसणारें मंडल असलेली बॅटरी पाहिली. विकणारा सांठ्याचा आंकडा सांगतो आणि मंडलाचा विचारला कीं विषय बदलतो, तेव्हां दुसऱ्या दुकानाची वाट धरावी. मंडलावांचून उघड्या घटांच्या जुडग्याहि बाजारांत मिळतात. त्या शिकाऊ हातांसाठीं नाहींत. तसेंच जुन्या विजेच्या गाड्यांतून काढलेले घट नवें वेष्टण चढवून नवे म्हणून विकले जातात. वजन छापल्यापेक्षां कमी भरणें, पावतीवर हमी लिहून न देणें व भाव आश्चर्यकारक स्वस्त असणें हीं त्याचीं लक्षणें.

जागेविषयीं थोडें. इंजिनाजवळची उष्णता लिथियमला मानवत नाहीं. लोह-फॉस्फेटचे घट साधारणतः ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरूं नयेत असें त्यांच्या पत्रकांत असतें. उलट शून्य अंशाखालीं ते भरल्यास आंत धातुरूप लिथियमचा थर बसून घट बिघडतो. आपल्या प्रांतांत हा प्रसंग येत नाहीं, परंतु हिमालयाकडे गाडी नेणाऱ्यानें लक्षांत ठेवावें. बॅटरी पट्ट्यानें घट्ट बांधावी. तिच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आंतच फ्यूज असावा. हा फ्यूज अँप्लिफायरच्या रक्षणासाठीं नसून वायरच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून लांब वायरला दोन्ही टोकांशीं फ्यूज लागतो, कारण आतां बॅटरी दोन्हीकडे आहे. लिथियमच्या शॉर्टसर्किटचा प्रवाह हजारों अँपिअरचा होऊं शकतो. साधा फ्यूज वितळूनहि त्यांत ठिणगीचा झोत चालू राहतो, म्हणून मोठा प्रवाह तोडूं शकणारा 'टी' वर्गाचा फ्यूज घ्यावा. काम करतांना हातांतील अंगठी, कडें, घड्याळ काढून ठेवावें. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो क्षणांत लाल होतो. आणि गाडीची हमी व विमा ह्यांच्या अटी आधीं वाचाव्या. आम्हीं त्या वाचल्या, व वायरिंगमध्यें फेरफार करण्यापूर्वीं कळविणें आवश्यक आहे असें दिसून आलें.

आवाजाविषयीं मीं कांहीं बोललों नाहीं असें पालकांस वाटूं नये. शक्ति दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलनें वाढतो, आणि कानास दुप्पट वाटावा म्हणून शक्ति सुमारें दसपट लागते. म्हणून ५०० वॅटच्या जागीं १००० वॅट आणण्याचा खर्च करणारास फरक थोडाच जाणवतो. त्यापेक्षां वूफरची पेटी नीट केली व दारांचे खुळखुळणारे पत्रे आवळले तर लाभ अधिक. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्यसंस्थेनें ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठीं आठ तास ही मर्यादा सांगितली आहे, व प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटें उरतात. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंद गाडींत मोठा वूफर ती किती लवकर ओलांडतो हें माझ्या कपबश्यांनीं आधींच सांगितलें होतें.

काम पुरें झाल्यावर तोच सूर पुन्हां वाजविला. अँप्लिफायरच्या टोकांवर १२.९ व्होल्ट राहिले व पुढचे दिवे हलले नाहींत. नंतर मृगाच्या सुमारास गाडी एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेली होती. इंजिन बंद ठेवून पोरांनीं दुपारभर गाणीं लाविलीं, मागची बॅटरी पार उतरली व गाणें आपोआप थांबलें. वडिलांनीं किल्ली फिरविली, तों गाडी पहिल्याच झटक्यास सुरू झाली आणि भाडें वेळेवर स्टेशनावर पोंचलें. गाणें मात्र परतीच्या वाटेवर तासाभरानें सुरू झालें. तोंपर्यंत बापलेकांस एकमेकांशीं बोलत यावें लागलें, असें मुलानेंच मला हंसत हंसत सांगितलें.